त्रोला झालेला अभिषेक

माझी धाकटी बहीण कंबोडियातल्या एका शाळेत शिकवते. यंदा सुट्टीत आली ती तिकडचं एक वाद्य घेऊन. त्याचं नाव त्रो. तीन तारा, खाली तोंडावर कातडं ताणलेली नारळाची करवंटी, आणि उभं धरून गजानं वाजवायचं. तार बदलताना गज जागचा हलत नाही म्हणे, वादक वाद्यच गजाकडे वळवतो. आईला ते वाजवून दाखवायचं, एवढंच बाईसाहेबांच्या डोक्यात होतं. तिचं परदेशात राहणं आईला अजून पटलेलं नव्हतं आणि हजार शब्दांनी जे झालं नाही ते एका सुरानं होईल, अशी तिला आशा होती.

विमानासाठी दांडी काढून करवंटी वेगळी गुंडाळली होती. आम्ही दोघं वसमतला बाजाराला गेलो आणि मागं आईनं ते गाठोडं सोडलं.

आमचं घर शिरड शहापूरला, देवळाच्या पूजेचं. घरात आलेला नारळ आमच्याकडे आधी देवापुढे जातो. त्यात हा तीन उंचवट्यांचा, असला आईनं जन्मात पाहिला नव्हता. तोंड बंद केलंय म्हणजे आत प्रसाद असणार, हेही तिनंच ठरवलं.

आम्ही परतलो तेव्हा करवंटी ताम्हणात होती, वर हळदकुंकू, बेल, आणि आई दुधाची धार धरून बसलेली. तोंडावरचं कातडं ओल्या पापडासारखं लोळागोळा झालं होतं. मी आईवर नको तेवढा ओरडलो. बहिणीनं मात्र बोटानं कातडं दाबून पाहिलं. ते दबलं, वर आलं नाही.

“आई, वासराचं कातडं हाय ते.”

मी हादरलोच. हे तिनं मलाही सांगितलं नव्हतं. आमच्या देव्हाऱ्यात, ताम्हणात, आईच्या हातानं! आता हे उकिरड्यावर जाणार, घरभर गोमूत्र शिंपडणार आणि आई लेकीशी बोलणं टाकणार, हे मी धरूनच चाललो. आईची धार थांबली होती, पण हात तसाच वर राहिला होता.

मग तिनं भांडं खाली ठेवलं.

“वासराचं म्हणतीस ना? मंग दूध त्याच्याच वाट्याचं व्हतं.”

तिनं पदरानं कातडं हळूहळू टिपलं. बहीण ते उन्हात ठेवायला निघाली, तर सावलीत ठेव म्हणाली, उन्हानं तडकेल. वाळलं की वाजवून दाखव, असंही म्हणाली.