बंदरापर्यंत न्या रस्ता

वैभवी नावाची ती तरुण इंजिनीअर आळीत चुन्याची फक्की मारत शिरली, तेव्हा दमयंती ओट्यावर बसून बोंबील साफ करत होती. पांढरी रेघ आपल्या दारासमोरून चाललीय हे दिसलं मात्र, हातातला बोंबील परातीत टाकून बाई उठली आणि अशी काही ओरडली की बंदरावरची कुत्रीसुद्धा भुंकायला लागली.

"आवो, धीरजचे बाबा! रस्ता आला, रस्ता!"

रस्ता कसला येतोय! आली होती ती नुसती रेघ. पण दमयंतीला कोण सांगणार? बोईसरच्या मासळी बाजारात सगळी उमर ओरडून काढलेली बाई. तिचा आवाज आधी पोचायचा, पाटी मागून. आळीत म्हणायचे, दमयंतीला फोनची गरज नाही, खिडकी उघडली तरी पुरे.

गाव कुठलं म्हणाल, तर दांडीच्या पलीकडचं एक समजा. त्याहून जास्त विचारू नका, तिथल्या बायकांशी गाठ आहे. समुद्राला लागून मच्छीमारांची आळी, एका तोंडाला डांबरी सडक, दुसऱ्या तोंडाला बंदर आणि मध्ये रस्ता म्हणजे वाळू, दगड आणि कुणी कधी टाकलेली कौलांची खापरं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात पाय रुततो. चालणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण दमयंतीच्या घरात आता एक माणूस असा होता, ज्याला चालता येत नव्हतं.

धर्माजी, तिचा नवरा. पक्का तांडेल. सबंध बोट त्याच्या शब्दावर चालायची. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं आणि बोट मुलाच्या, धीरजच्या हातात आली. बोईसरच्या कुठल्याशा शिबिरात चाकांची खुर्ची मिळाली. काय आनंद झाला होता दमयंतीला! वाजतगाजत आणली, हार घातला, नारळ फोडला. धर्माजीला बसवलं, ओट्यावरून उतरवलं आणि दोन पावलांवर चाकं जी वाळूत रुतली, ती रुतलीच. तेव्हापासून खुर्ची ओट्यावर आणि धर्माजी खुर्चीत. समोर काय, तर कमळीच्या घराची भिंत!

समुद्र हाकेच्या अंतरावर, पण दिसत नाही. धर्माजी डोळे मिटून बसायचा आणि ऐकायचा. बोट बंदरात शिरली की नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून म्हणायचा, "आपली नाय." मग पुन्हा, "आपली नाय." आणि कधीतरी चेहरा उजळायचा, "आली. आपली आली." हे शब्द दमयंती रोज ऐकायची. तिनं मनाशी धरलंच होतं, येत्या होळीला सगळ्या बोटी बंदरात लागतात, पताका लागतात, पूजा होते, त्या दिवशी धर्माजीला बोटीसमोर नेऊन उभं करायचं. बसवायचं, म्हणजे. खांद्यावर घालून न्यायला पोरं तयार होती, पण तांडेल गडी, "पोत्यावानी नका नेऊ" म्हणाला आणि विषय संपला.

म्हणून ती रेघ बघून एवढी हर्षली बाई.

आता गंमत ऐका. रेघ मारून वैभवी टोकाला पोचते न पोचते, तोच मागे आळीतल्या बायका बाहेर पडल्या. रस्ता सिमेंटचा होणार हे कळलं आणि सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी एकच विचार आला: जवळा! वाळूत वाळवलेली ही बारीक कोळंबी खाताना दाताखाली खडे येतात. सिमेंटवर कसा खणखणीत वाळेल! आणि पाहता पाहता, जो रस्ता अजून झालाच नव्हता, त्याच्या वाटण्या सुरू झाल्या. कमळीनं आपली हद्द म्हणून विटा मांडल्या, तशी दमयंती तिच्यावर तुटून पडली.

"ए कमळे, ती वीट मागं घे. माझ्या दारासमोरचा रस्ता माझा हाय!"

"तुजा कवाधरनं झाला? रेघ बघ की, माझ्याकडनं वळलीय!"

"वळली तर वळली, जवळा माझाच वाळेल हितं!"

वैभवी धावत आली. बोईसरचीच पोर, आईबाप बीडकडून कारखान्यात कामाला आलेले. बिचारीनं आजवर रस्त्यासाठी भांडणं पाहिली होती, पण ही तऱ्हा नवीन. "अहो मावशी, रस्ता अजून व्हायचाय! आणि तो गाड्यांसाठी आहे, जवळ्यासाठी नाही!"

"गाडी काय रोज येते? जवळा रोज येतो," कमळी म्हणाली, आणि पहिल्यांदाच दमयंतीनं तिच्या बोलण्यावर मान डोलावली.

पण मग दमयंतीनं रेघेचा माग काढला आणि तिचा चेहराच पडला. रेघ सडकेकडून निघाली होती, वाटेतल्या ओट्यांच्या पायऱ्यांवरून गेली होती आणि समाजमंदिरापाशी, म्हणजे तिच्या घराला लागूनच, थांबली होती. पुढच्या घरांपासून बंदरापर्यंत रेघच नाही. तीच वाळू.

"पोरी, ही हितंच का थांबली?"

"निधी तेवढाच आहे, मावशी. रुंद रस्ता धरलाय ना, टेम्पो यायला पायजे म्हणून. मंदिरापर्यंत पुरतो."

"म्हणजे माझ्या दारातनं रस्ता जाणार बोईसरला!" दमयंतीनं कपाळाला हात लावला. "मी काय त्यांना बोईसरवरनं फिरवून समुद्राला नेऊ?"

वैभवीला काही कळलं नाही. कळणार तरी कसं? ओट्यावर डोळे मिटून बसलेल्या माणसाकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. जाता जाता तिनं एवढंच सांगितलं की अजून काही ठरलेलं नाही, दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सगळ्यांनी या आणि बोला.

बोला म्हटल्यावर काय! समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. सरपंच शैलेश, तरणाबांड, उत्साही गडी, उभा राहिला. "रस्ता रुंदच पायजे. मासळीचा टेम्पो दारात आला तर बायांना डोक्यावर पाट्या वाहायला लागणार नाय. फक्त ओट्यांच्या पायऱ्या तेवढ्या काढायला लागतील."

झालं! मधमाश्यांच्या पोळ्यात हात घातला बिचाऱ्यानं. पायऱ्या? पायऱ्यांवर बसून जाळी विणली जातात, भांडणं होतात, लग्नं ठरतात. कमळी तर पदर खोचूनच उठली. "माज्या सासूनं सोताच्या हातानं बांधलीय ती पायरी! पहिली माजी मान काप, मंग पायरी तोड!"

"काकी, मान कोण कापतंय..."

"काकी नको म्हणू! मत मागायला आलास तवा त्याच पायरीवर बसून चा पिलास!"

हशा पिकला. शैलेशही हसला, पण हट्ट सोडीना. तरणी पोरं टेम्पोच्या बाजूनं, बायका पायऱ्यांच्या बाजूनं, म्हातारे दोन्ही बाजूंनी. कोण काय बोलतंय, कुणालाच ऐकू येईना. आणि नवल म्हणजे, दमयंती गप्प. सगळ्या आळीला धाक असलेला तो आवाज कुठंच नाही. शेवटी शैलेशच म्हणाला, "काकी, तुमी का गप? बरं नाय का?"

दमयंती उठली. तोंड उघडलं. आवाजच फुटेना! बाजारात शंभर गिऱ्हाइकांना एका दमात गप्प करणारी बाई, चार भिंतींच्या आत नुसती पदर पिळत उभी. मागची पोरं माना उंचावून बघायला लागली.

"मला टेम्पो नको," ती कशीबशी म्हणाली. "पायरी पायजे तर माजी घ्या. दोन्ही घ्या. पण रस्ता बंदरापर्यंत न्या. त्यांनी दोन वरसं बोट बघितली नाय रे. नुसती ऐकतात. मला होळीला त्यांना बोटीपर्यंत न्यायचंय. बस, आणि काय नको."

आणि मटकन खाली बसली.

आणि पहिली कोण बोलली? बोलली ती कमळी. हो, तीच विटांवाली! "मंग रस्ता करा की बारीक," ती डोळे पुसत, पण भांडल्याच्या सुरात म्हणाली. "पायऱ्या ऱ्हाऊ द्या, टेम्पो सडकेवर उभा ऱ्हाऊ दे, आमी इतकी वरसं पाट्या वाहिल्या, आणखी वाहू. उरलेलं सिमेंट न्या बंदरावर. काय गं इंजिनीअरबाई, व्हईल का नाय?"

वैभवीनं मोबाइलवर आकडेमोड केली, पुन्हा केली, आणि तिचाच चेहरा फुलला. "होईल! रिक्षा जाईल एवढा रस्ता केला, तर बंदराच्या उतारापर्यंत पोचतो. नवीन अंदाजपत्रक मी करून देते!"

टेम्पोवाली पोरं कुरकुरली. शैलेशनं डोकं खाजवलं. ज्यानं टेम्पोचं वचन देऊन निवडणूक जिंकली, त्याला हे सोपं नव्हतं. शेवटी म्हणाला, "चालेल. पण एक अट. रस्ता बारीक झाला तर त्यावर काय मांडायचं नाय. जवळा तर नायच नाय! रिक्षा अडली, आजारी माणूस अडला, तर कोण जबाबदार?"

सगळ्या बायकांनी वळून दमयंतीकडे पाहिलं. वाटणीत सगळ्यांत मोठा वाटा तिनंच धरला होता ना!

"एक जवळा जरी टाकला रस्त्यावर," दमयंती ताडकन उभी राहिली, आणि आता आवाज पार बंदरापर्यंत गेला, "तर नावाची दमयंती नाय! आईची आन!"

हात वर झाले. आधी बायकांचे, मग म्हाताऱ्यांचे, मग आयांनी डोळे वटारल्यावर पोरांचे. ठराव पास! घरी धावत येऊन दमयंतीनं धर्माजीचा गालगुच्चाच घेतला, भर आळीत. तो लाजला.

मग काय, कागद इकडून तिकडे गेले, दिवाळी गेली, संक्रांत गेली आणि एके दिवशी खडीचा डंपर सडकेवर उभा राहिला. आळीत लग्नघरासारखी धांदल. मजुरांना कोण चहा देतंय, कोण मासळी खिलवतंय. ओल्या सिमेंटवर कुत्रं जाऊ नये म्हणून दमयंती काठी घेऊन राखण करायची. पाणी मारायचं काम कंत्राटदाराच्या माणसांचं, पण आळीतल्या बायका घरचे हंडे ओतून यायच्या. "पिऊ दे गं, पिऊ दे त्याला," जणू बाळंतिणीचं पोर. होळीच्या आधी रस्ता वाळून टणक झाला. पांढरा, गुळगुळीत, दारापासून थेट बंदरापर्यंत!

होळीच्या आदल्या दिवशी बोटी परतल्या आणि येताना जवळा घेऊन आल्या. जवळाच जवळा. गुलाबी, ओला, पाट्याच्या पाट्या. होळीच्या सकाळी ऊन असं पडलं होतं आणि रस्ता असा तापला होता, की दमयंती दारात उभी राहून नुसती बघतच राहिली. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एवढासाच टाकते. दाराजवळ. दुपारी बोटी सजेपर्यंत उचलते की. आणि पाटी उपडी केली.

ते समोरच्या कमळीनं पाहिलं. आन घेतलेली बाईच टाकते, तर आपण काय घोडं मारलंय? तिनंही उपडी केली. तिचं बघून शेजारणीनं, तिचं बघून पलीकडचीनं. चहा पिऊन होईस्तोवर अख्खा रस्ता बंदरापर्यंत गुलाबी झाला होता. वर ऊन, खाली सिमेंट, आणि सगळ्या जणी खुशीत. मग जी ती पुरणाला लागली, आणि उचलायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

"आये, बाबाला घेऊन ये! बोट सजली!" बंदरावरून धीरजची हाक आली.

दमयंतीनं धर्माजीला नवा सदरा घातला, लाल टोपी चढवली, ओट्याला लावलेल्या फळीवरून खुर्ची खाली आणली. आणि थांबली. पुढे वीतभर जागा नव्हती.

"अगं आई गं!" तिनं जीभ चावली. कमळी दारात आली, तिनंही चावली. एकेक दार उघडलं, एकेक बाई बाहेर आली आणि सगळ्या जणी आपापल्या जवळ्याकडे आणि मग खुर्चीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यातच शैलेश नारळ घेऊन तिकडून आला. त्यानं पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि लगेच खाली घेतले. त्याच्या आईचाही जवळा होता त्यात.

दमयंतीला रडूच कोसळलं. "माजंच चुकलं हो. मीच पहिला टाकला. जाऊ दे जवळा, चला, वरनं जाऊ!" तिनं खुर्चीला जोर दिला.

"नाय." धर्माजीनं डाव्या हातानं चाक धरलं. "जवळ्यावरनं नाय." आणि मग त्या माणसाच्या अर्ध्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, जे दोन वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. अंग हलवून हसला तो. "आळी... नाय बदलायची."

कमळी आधी हसली, मग सगळी आळीच. आणि हसता हसताच कमळीनं खराटा उचलला. आपल्या दारासमोरचा जवळा सर्रकन एका बाजूला ओढला. शेजारणीनं ओढला, पलीकडचीनं ओढला. खुर्ची पुढे सरकायची आणि पुढचं दार वाट मोकळी करायचं. खराट्यांचा एकच आवाज. "चला तांडेल, चला!" आणि दमयंती रडत, हसत, मध्येच कुणाला तरी "नीट ओढ, माती लागेल" म्हणून दरडावत खुर्ची ढकलत होती. चाक एकदाही रुतलं नाही.

उताराच्या टोकाला पोचले तेव्हा समोर समुद्र होता आणि पताकांनी भरलेली त्यांची बोट. धीरजनं बापाला पाहिलं आणि काही सुचेना म्हणून इंजिनच सुरू केलं. धडधड सुरू झाली, आणि धर्माजीनं सवयीनं डोळे मिटले. मान कलती केली. ऐकायला लागला.

"आवो, डोळे उघडा!" दमयंती खेकसली, बाजारातल्यासारखी. "दोन वरसं ऐकलंत, आता बघा!"

धर्माजीनं डोळे उघडले. तो बघतच राहिला. दमयंतीनंही बघायचं म्हटलं, पण तिला काही केल्या नीट दिसेना.