देजातली दहा पायली नागली

माघातला दुसरा रविवार. ठरलं ते असं: रोख पाच हजार एक रुपये, तांदूळ दोन पोती, नागली दहा पायली. हजर: मुलगा, त्याची आई, त्याचा थोरला काका, आमच्याकडून मी, माझी बायको आणि दाराआड मुलगी. जागा आमची ओटी, मोखाड्याच्या डोंगरातला पाडा. त्याच दिवशी वहीत लिहिलं होतं, म्हणून आज ठाम सांगतो.

आमच्यात देज मुलाकडचे मुलीकडच्यांना देतात, आणि देजात आलेलं धान्यच लग्नाच्या मांडवात शिजतं. रोख आणि तांदळावर कोणी काही बोललं नाही. अडलं ते नागलीवर. शहरातले तिला नाचणी म्हणतात.

“व्याही, मांडवात काळी भाकर वाढणार?” काका म्हणाला. “आमची दाभोशाची माणसं हसतील. म्हणतील, पोराच्या घरातला तांदूळ संपला. त्यापेक्षा तिसरं पोतं तांदूळ घ्या.”

“तांदूळ कितीही दिला तरी तांदूळच.”

“अहो, आम्ही नागली पेरायची सोडून आठ वर्षं झाली.”

“म्हणूनच मागतोय.”

काका हसला, पण मान हलवली. ठरलं.

ते गेल्यावर बायकोने मला धरलं. “पोरगा ठाण्याला बेकरीत कमावतो, पीत नाही. पोरीला पसंत आहे. दहा पायलीसाठी स्थळ घालवाल. ती वही मिटा आधी.”

तिचं भय खरं होतं. मुलीला तो मुलगा आवडला होता, हे मलाही दिसत होतं. पण ती ज्या घरात जाणार होती, तिथे चुलीवर नागली चढत नव्हती, आणि मला ते चालणार नव्हतं. रेशनचा तांदूळ मी नाकारत नाही. तो आम्हीही खातो. पण भात खाऊन मी बांधावर गेलो की अकरा वाजता पोट ओरडतं. दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन गेलो तर दीड वाजतो. हे मी एका हंगामात रोज टिपून ठेवलं होतं. मुलगी आश्रमशाळेत असताना एकदा तिच्या अंगात रक्त कमी निघालं. शाळेतून गोळ्या मिळाल्या, उन्हाळाभर घरी नागलीची आंबील-भाकर खाल्ली आणि पुढच्या तपासणीला आकडा वर गेला. त्यात गोळ्यांचं किती, आईच्या हातचं किती आणि नागलीचं किती, ते मला वेगळं काढता येत नाही. पण नागलीचं काहीच नाही, असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

लग्नाला आठ दिवस असताना काका, मुलगा आणि त्याची आई जीप घेऊन आले. तांदळाची दोन पोती उतरली. मग खोके उतरले. खोक्यांत प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत पीठ.

“बघा व्याही, एक नंबर माल!” काका खूश होता. “दोनदा चाळलेलं. कोंड्याचा कण नाही. मांडवात भाकर काळी दिसणारच नाही. तुमचाही शब्द राहिला, आमचंही नाक राहिलं.”

मी एक पिशवी फोडली. पीठ बोटांवर मैद्यासारखं घसरलं. वाईट हेतू नव्हता, हे मी आजही मानतो. मान द्यायचा म्हणून माणसाने जादा पैसे मोजले होते, आणि ज्यासाठी नागली मागितली तेच चाळून टाकलं होतं.

“हे परत न्या,” मी म्हणालो.

“का? नागलीच आहे.”

“होती. मी दाणा मागितला होता. सालीसकट दळायचा, सालीसकट खायचा.”

“कोंड्यासाठी लग्न मोडता का, ते सरळ सांगा!”

जीपचा ड्रायव्हरसुद्धा बिडी विझवून बघायला लागला. बायको खाली बसली. मुलगी दारात आली होती. तिने माझ्याकडे बघितलं.

तेव्हा मुलगा पुढे आला. “काका, आमच्या बेकरीत रायचा पाव होतो. राय म्हणजे गव्हासारखंच विलायती धान्य, पण काळपट. कोंड्यासकट दळतात. पाव विटेसारखा जड, आणि दोनशे रुपयांना एक. त्यात मैदा जास्त लागला तर गिऱ्हाईक पाव परत आणून देतं.”

“दोनशे? काळ्या पावाला?”

“मोटारीतून येऊन नेतात.”

काकाने फोडलेल्या पिशवीतलं पीठ चिमटीत घेऊन बघितलं. खरं तर माझं काम झालं होतं, पण मला ते तसं व्हायला नको होतं. मी म्हणालो, “पोरा, तुझं खरं असेल. पण ठाण्याच्या मोटारवाल्यांनी काळा पाव खाल्ला म्हणून माझी भाकर चांगली, असं नको. त्यांनी उद्या टाकला तरी मी नागलीच मागेन.”

“मामा, मी तुमच्याच बाजूने बोलतोय!”

“कळतंय. तरी सांगतो.”

मुलगी हसली. मग मुलाची आई काकाकडे वळून बोलली. माघापासून तिचा शब्द मी ऐकला नव्हता. “भाऊजी, भांडू नका. माझ्या माहेरी अजून पेरतात. पिशव्या जीपमध्ये टाका, मी इथून तिकडेच जाते.”

तिसऱ्या दिवशी ती एकटीच एसटीने आली. कंडक्टरने पोतं उतरवून दिलं. मी पायलीचं माप घेऊन बसलो आणि तिच्यासमोर मोजलं. दहा भरली. वर अर्धी पायली उरली.

मांडवात दोनशे साठ भाकऱ्या झाल्या. चाळीसेक माणसांनी हात लावला नाही. तेही मी लिहिलं आहे. एक म्हातारा ओरडला, “कोण म्हणतं व्याही गरीब? दातांना काम दिलंय!” काकाने दोन खाल्ल्या, तिसरी मागितली नाही.

देज चुकतं झालं ते असं: रोख पाच हजार एक, माझ्या हातात. तांदूळ दोन पोती आणि नागली दहा पायली, माझ्या बायकोच्या हातात. वरची अर्धी पायली मुलाच्या आईने मला दिली नाही, बायकोलाही नाही. ती त्यांच्या डोंगरउताराच्या वरकस जमिनीत पेरायला म्हणून तिने माझ्या मुलीच्या ओटीत घातली.