विजेची गाडी आणि ज्वारीचं पोतं

गुरुपादअप्पा दुकानात कधी स्वस्थ बसला नाही. मांजरसुंब्याच्या चौकात त्याचं किराणा दुकान आणि समोर माझ्या वडापच्या, सीटमागं भाडं घेणाऱ्या जीपचा थांबा. गिऱ्हाइकाला साखर जोखता जोखता त्याचे डोळे माझ्या जीपवर. कारण त्याची बायको, कावेरीवहिनी, त्यात बसलेली असायची आणि सीट भरल्याशिवाय मी जीप हलवत नव्हतो. त्याबद्दल मला कुणी बोल लावू नये. रिकामी जीप पळवायला माझ्या सासऱ्यानं डिझेलची विहीर आंदण दिलेली नाही.

वहिनी अकरा किलोमीटरवरच्या वस्तीत अंगणवाडी चालवायच्या. त्या उशिरा पोचल्या की पोरं ओट्यावर ताटकळत, कुलपाची चावी वहिनींच्या पिशवीत. वरच्या सुपरवायझर बाईंनी दोनदा तंबी दिली होती. आता उशीर झाला तर दुसरी सेविका बघणार, असं तोंडावर सांगितलं होतं. वहिनींना झोप लागेना. अप्पाची झोप तर आधीपासूनच उडालेली. नवा मोबाइल घेतल्यापासून तो जीप वस्तीला पोचायच्या आत मला फोन करायचा, "बंकट, उतरली का बे ती?" मी म्हणायचो, "उतरली की सांगतो, जीव खाऊ नको." पाच मिनिटांनी पुन्हा घंटी.

त्या वर्षी बीडला विजेच्या गाड्यांचं दुकान निघालं. पेट्रोलची कटकट नाही, म्हणून अप्पा दोन गाड्यांची माहितीपत्रकं घेऊन आला आणि काउंटरवर पसरून बसला. एक गाडी अडीचशे वॅटची: लायसन लागत नाही, एकाच माणसाची, एका चार्जिंगमध्ये सत्तर किलोमीटर. दुसरी साडेसातशे वॅटची: लायसन लागतं, दोघं बसतात, पण पन्नासच किलोमीटर.

"कमी ताकदीची जास्त कशी काय पळती?" अप्पा प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा. लोक तेल-साबण घेऊन निघून जायचे, याचं चालूच. सकाळी मोठ्या गाडीचं नक्की, दुपारी रद्द, संध्याकाळी पुन्हा मोठी. वहिनी आतून एकदाच म्हणाल्या, "तिला बोजा कमी न्यायचाय म्हणून." अप्पानं ते ऐकून घेतलं आणि पत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचायला काढलं.

शेवटी ठरली मोठी. ठरवली अर्थात अप्पानं. तो चालवणार, वहिनी मागं बसणार. ज्या माणसानं आरटीओच्या धास्तीनं जन्मभर सायकलच चालवली, तो म्हणाला, "काढतो मी लायसन. तिला एकटीला या रस्त्यावर सोडायची न्हाई." मला हसूही आलं आणि त्याची कीवही आली. सकाळी दुकान उघडलं की अप्पाचं 'आलोच, दोन मिनटं' सुरू होतं आणि ती दोन मिनिटं चहाच्या वेळेपर्यंत चालतात, हे चौकात कुणाला ठाऊक नव्हतं?

गाडी आणायला आम्ही तिघं माझ्या जीपनं बीडला निघालो. अप्पानं मागं ज्वारीचं पोतं टाकलं. दुकानदारच तो. तराजू घेताना जसा वजनं टाकून बघतो, तशी गाडीही बोजा टाकून बघणार. त्यानं ज्वारी भरताना आधी वहिनींना मालाच्या काट्यावर उभं केलं होतं आणि बरोबर तेवढीच जोखून घेतली होती.

दुकानात पोऱ्यासारखा धावत त्यानं ते पोतं मोठ्या गाडीच्या मागच्या सीटवर दोरीनं बांधलं. गाड्या विकणारा माणूस बघतच राहिला. मला राहवेना.

"अप्पा, वहिनी इथं समोर उभ्या हायत. त्यांनाच बसव की."

"आन् पडली म्हंजी?" अप्पा खेकसला. "पोतं पडलं तर ज्वारी सांडंल. तेवढंच ना?"

त्यानं गाडी चालू केली, रस्त्यावर एक वळसा घेतला, दोनदा पाय टेकले, घामाघूम होऊन परत आला. पोतं जागेवर होतं. "घेतं ओझं! लई ताकद हाय!" तो आनंदानं म्हणाला.

वहिनी पोत्याजवळ गेल्या, दोरीला हात लावला.

"आवो, पोत्याला कुठंच जायचं न्हाई. जायचं मला हाय." त्यांचा आवाज चढला नव्हता. "लाईट निम्मी रात जाती. बारकी गाडी अर्धी चार्ज झाली तरी माझं जाणं-येणं हुतंय. हिच्यावर तुमी बसणार, मी बसणार, सोडायची अन् आणायची दोन खेपा, वर तुमची दोन मिनटं. चावी माझ्याकडं हाय, पोरं माझी वाट बघत्यात."

"आन् चढ लागला तर? बारकीला दम न्हाई."

"उतरून ढकलीन."

"दोघं बसाय येत न्हाई तिच्यावर, कावेरी."

"म्हणूनच तीच पायजे."

अप्पाचं तोंड उतरलं. बराच वेळ तो दोरीच्या गाठीशी झटत राहिला. मग पोतं सुटलं, ते एकट्यानं उचलून त्यानं जीपमध्ये आणून टाकलं आणि बारक्या गाडीचे पैसे भरले.

वहिनी माहेरी सायकल चालवायच्या, हे मला त्या दिवशी कळलं. त्या पुढं, आम्ही मागं. अप्पा माझ्या शेजारी न बसता मागं पोत्यापाशी जाऊन बसला आणि तिथून ओरडत राहिला, "हळू घे, जवळ जाऊ नको, ट्रक येतोय बघ." घाटाच्या वरच्या चढाला गाडी दमली. वहिनी उतरल्या, पदर खोचला आणि ढकलायला लागल्या. मी जीप बाजूला उभी केली. अप्पानं एक पाय खाली टाकलासुद्धा.

वहिनींनी वळून पाहिलं आणि हातानं खूण केली, पुढं जा.

अप्पाचा पाय तसाच लोंबकळत राहिला. मला वाटलं, आता हा उतरणार. पण त्यानं पाय वर घेतला.

"बंकट," तो म्हणाला, "घे पुढं."

मी जीप काढली. आरशात वहिनी गाडीला खांदा लावून वर येताना दिसत होत्या. अप्पा तिकडं बघत नव्हता. पोतं कुठं पडणार नव्हतं, तरी त्यानं ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.