हात जोडण्याचा कायदा

माझं माहेर पेपर मिलच्या कॉलनीतलं. आमच्या घरी गणपती बसायचा, गौरी यायच्या आणि शेवटच्या मोदकासाठी आम्ही बहिणी एकमेकींच्या झिंज्या ओढायचो. लग्न होऊन निंबोल्याला आले तर सासर महानुभाव पंथाचं. परमेश्वर एक, त्याच्याशिवाय कुठल्या देवदेवतेपुढं हात जोडायचे नाहीत, कुणाचा नैवेद्य खायचा नाही. पहिल्याच वर्षी शेजारीण प्रेमानं मोदक घेऊन आली, तो मी परत पाठवला आणि मागच्या दारी बसून भोकाड पसरलं. सासऱ्यांनी, आप्पांनी, ऐकलं असणार. आप्पा तसे देवमाणूस, पण नेमाच्या बाबतीत दगड.

यंदा शाळा उघडली आणि आठवीतल्या लेकीनं बातमी आणली. नवा कायदा झालाय. शाळा सरकारी असो की खाजगी, रोज पहिल्या तासाला देशभक्तीच्या पुस्तकातला पाठ वाचायचा. त्याआधी भारतमातेच्या तसबिरीपुढं हात जोडून स्तुती म्हणायची, देवी म्हणून. वर्षाअखेरी त्या स्तुतीची तोंडी परीक्षा, आणि त्यात नापास तर नववीत बसवणार नाहीत.

आप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, "पाठ वाच बेटा, चांगलाच असंन. पन हात नाही जोडाचे."

"आप्पा, देश आहे तो!" मी म्हटलं.

"देशासाठी जीव मांग, देतो. देश माहा हाय, पन देव नाही."

आता बोला! दर पंधरा ऑगस्टला शाळेत केळीचे घड पोचवणारा हा माणूस. त्याच्याशी भांडू तरी कशी? पण मीही गप्प बसणारी नाही. मला स्वतःला आठवीनंतर घरी बसवलं होतं. शेजारच्या मुली दप्तर घेऊन जायच्या आणि मी धुणं आपटत बघायची. लेकीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढी एकच जिद्द मी आयुष्यात धरली. यांना विचारलं तर "तुम्ही बघा" म्हणून मोटर चालू करायला केळीत पळाले. नेहमीचंच.

मंगळवारी कलेक्टर कचेरीत लोकांची गाऱ्हाणी ऐकतात. आप्पा म्हणाले, तिथं जाऊन सांगू. मी सोबत गेले. बाकावर एक वयस्कर मौलाना बसले होते, त्यांचंही गाऱ्हाणं तेच. त्यांनी सरकून आप्पांना जागा दिली. बाबू आधी त्यांच्याकडं बघून हसला, मग आप्पांच्या कपाळावरचा टिळा बघून चमकला.

"बाबाजी, आप इधर कैसे? तुम्ही तर आपलेच ना? मग तुम्हाला काय प्रॉब्लेम?"

आप्पांनी सांगायला सुरुवात केली. परमेश्वर एक, भक्ती एकाचीच, आमच्या बापजाद्यांपासून असंच. बाबू ऐकता ऐकता मोबाइल बघायला लागला. शेवटी साहेबांपुढं नंबर लागला तेव्हा आप्पांनी हात जोडले. साहेब म्हणाले, कायदा सगळ्यांना सारखा, एकाला सूट दिली तर उद्या सगळे येतील. झालं.

बाहेर आल्यावर माझी जीभ सुटली. "साहेबापुढं जोडले ना हात? मग पोरीनं तसबिरीपुढं जोडले तर काय बुडतं?"

"साहेबाले इनंती केली," ते म्हणाले. "पूजा नाही केली."

बसमध्ये मला राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती.

हेडसर भले. म्हणाले, "ताई, मागं उभी राहू दे, गुपचूप. मी बघितलंच नाही म्हणेन, परीक्षेचंही बघू." वाटलं, सुटलो. पण पोरं बघतात ना! चार दिवसांत लेकीला नाव पडलं, गद्दार. बालवाडीपासूनची मैत्रीण डब्याला शेजारी बसेना. एकदा लेक घरी आली ती बाकावरचं खडूचं लिखाण पुसून पुसून बाही पांढरी करून. मी काय झालं विचारलं, तर म्हणे, "काही नाही, छोड ना आई." आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत झाली पोरीची. मी आप्पांवर ओरडले, हेडसरांवर ओरडले, रात्री उशीत तोंड खुपसून रडले. कुणाचं काय वाकडं झालं?

मग एक दिवस हेडसरांचाच फोन आला. आनंदात होते. "ताई, काम झालं! आज हात जोडून म्हटलं तिनं. सगळ्यांत स्पष्ट."

त्या संध्याकाळी आप्पांनी रोजच्यासारखं नामस्मरणासाठी आसन टाकलं, शेजारी तिचंही. लेक हातपाय धुऊन आली. आप्पांनी हळूच विचारलं, "जोडले का, माय?"

"हो."

"भेव वाटला?"

"नाही आजोबा. काहीच नाही वाटलं." तिनं केस मागं सारले. "तिकडं पण जोडते, इधर भी जोडते. दोन्हीकडं काहीच वाटत नाही. मग टेन्शन कशाला घ्यायचं?"

उद्धटपणे नाही बोलली. खरं तेच सांगत होती. लहानपणी आप्पांनीच तिचे एवढेसे तळवे धरून एकमेकांना लावले होते, आणि हात जुळले की ती खुदकन हसायची. मला हवं होतं ते मिळालं होतं. पोरगी नववीत जाणार. मी मात्र आप्पांकडंच बघत होते.

आप्पांनी तिचं आसन गुंडाळून ठेवलं. मग म्हणाले, "तं मंग इथं नको जोडू, बेटा. जाय, अभ्यास कर."

"बरं," ती म्हणाली. तिला बरंच वाटलं असावं. पलीकडं भिंतीला टेकून बसली, पुस्तक उघडलं आणि परीक्षेची स्तुती पाठ करायला लागली, मोठ्यानं, न अडखळता. आप्पा डोळे मिटून आसनावर बसले होते. त्यांचे ओठ थोडे हलले, थांबले, पुन्हा हलले. मग नाम अर्धंच सोडून त्यांनी डोळे उघडले.