मधला स्पीकर

बाबांना ऐकू येत नाही, हे घरात सगळ्यात आधी मी ठरवलं.

आमच्या मुलुंडच्या घरात नवीन टीव्ही युनिट आलं आणि तेव्हापासून डिस्क प्लेअरवर सिनेमा लावला की बाबांची कुरकुर सुरू व्हायची. "गाणी ऐकू येतात, दारं आपटलेली ऐकू येतात. माणसं काय बोलतात ते कळत नाही." मी स्वयंपाकघरातूनच म्हणायचे, "आवाज वाढवा." ते वाढवायचे. मग व्हायोलिनं कानठळ्या बसवायची आणि मी तणतणत येऊन आवाज कमी करायचे. एकदा म्हणाले, "टीव्हीवरच्या बातम्या नीट ऐकू येतात मला." मी म्हटलं, "ते बातम्यावाले ओरडतातच हो." वर स्वतःच्या विनोदावर हसलेसुद्धा.

बाबा तीस वर्षं एका हौशी नाटकमंडळीचे प्रॉम्प्टर. विंगेत वही घेऊन उभं राहायचं आणि नट अडखळला की शब्द पुरवायचा. ऐकू न येणारा प्रॉम्प्टर म्हणजे नाटकाची वाट लागलीच. म्हणून नव्या तालमी सुरू व्हायच्या आधी मी दिग्दर्शकाला परस्पर फोन करून, बाबांना ऐकू येत नाही असं सांगून टाकलं. बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "विचारायचंस तरी." त्यानंतर दोन आठवडे घरात कामापुरतं बोलणं. मीही हट्टाला पेटले आणि कान तपासायची वेळ घेऊन आले.

तपासणीच्या आदल्या दुपारी त्यांनी डिस्क लावली. "इथे बस. माझ्या शेजारी. दहा मिनिटं."

त्या स्वरापुढे माझं काही चाललं नाही. हाताला कणीक तशीच ठेवून मी बसले.

पडद्यावर नवरा-बायको स्वयंपाकघरात भांडत होते. पातेलं आदळलं, ते खणखणीत ऐकू आलं. खिडकीवर कावळा ओरडला, तोही. बायकोचे ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या आणि एकही शब्द ऐकू येत नव्हता. मी पुढे सरकले. तरी नाही.

"काय म्हणाली ती?" बाबांनी विचारलं.

माझे कान तर ठणठणीत होते.

कणकेच्या हातानेच मी रिमोट घेतला. सेटिंग, मग ऑडिओ, मग डिजिटल आउटपुट. तिथे 'बिटस्ट्रीम' होतं. ते बंद केलं तर सगळंच गप्प झालं. बाबा माझ्याकडे बघत होते, पडद्याकडे नाही. मग 'पीसीएम' निवडलं आणि ती बाई एकदम बोलायला लागली. दुधावरून भांडत होती.

प्लेअरचा आवाज स्पीकरांना पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या मागे वाकून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. मधल्या स्पीकरची जागा रिकामी होती. बिटस्ट्रीमवर ॲम्प्लिफायर प्रत्येक आवाज वेगळा करायचा आणि बोलणं मधल्या स्पीकरकडे धाडायचा. पीसीएमवर सगळं मिसळून दोनच स्पीकरांतून येत होतं. बातम्या तर टीव्हीच्या स्वतःच्याच स्पीकरमधून यायच्या. मधला स्पीकर नव्या युनिटमध्ये मावेना म्हणून मीच भंगारात दिला होता.

मला भयंकर लाज वाटली. "बाबा, चुकलं माझं."

"त्याला फोन लाव," ते म्हणाले. "स्पीकरवर ठेव. काय सांगतेस ते मला ऐकायचंय."

मी दिग्दर्शकाला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तोच सुरू झाला. "बरं झालं ताई तू केलास. काकांच्या जागी दुसरा घेतला आम्ही, कालपासून येतोय तो. तू त्यांना सांगू नको हां एवढ्यात. वाईट वाटेल यार त्यांना."

मी फोनवर हात ठेवला.

"काढ हात," बाबा म्हणाले. "ऐकलंय मी."