मल्लूअण्णाची मांडी

समस्त सोलापूरकरांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते, की आमचे मित्र मल्लूअण्णा यांचा उजवा पाय पूर्ण बरा झाला होता. पायाचे मालक मात्र मागच्या महिन्यात, हृदय बंद पडून, गेले.

अण्णाचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना. तिथून मोटारसायकलवर घरी येताना ट्रकनं उडवलं आणि नडगीचा वीतभर तुकडा रस्त्यावरच राहिला. एक्स-रे त्यानं मला खिडकीशी धरून कौतुकानं दाखवला. वर हाड, खाली हाड, मधे नुसता काळोख. डॉक्टरांनी त्या पोकळीत आधी सिमेंटचा ठोकळा बसवला. शरीरानं ठोकळ्याभोवती पातळ पापुद्रा धरला. मग ठोकळा काढून त्या पापुद्र्याच्या पिशवीत कमरेच्या हाडाचा चुरा भरला. हा चुरा शरीर हळूहळू खातं आणि त्याच जागी नवं हाड रचत जातं, असं डॉक्टरांनी सांगितलं. "म्हणजे मी आतल्या आत मलाच खातोय की," अण्णा खूश होऊन म्हणाला. माझी जेवणावरची वासना उडाली, त्याची नाही.

एका सुट्टीच्या दुपारी कारखान्यात माग बंद होते. अण्णानं माझं डोकं धरून कान आपल्या नडगीला लावला. "ऐक. विणतंय." त्या शांततेत मला खरंच काहीतरी बारीक, एका लयीत चाललेलं ऐकू आलं... माझीच नाडी असणार, असं मी स्वतःला सांगितलं. अजून सांगतो.

हाड भरलं, पण इतके महिने पाय सरळ राहिल्यानं गुडघा आखडला आणि अण्णाला भलतीच काळजी लागली. त्यांच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात. "तुमचं बरं हाय, आडवं पडलं की झालं," तो मला म्हणाला. "आमाला मेल्यावर पण बसावं लागतंय. हा दुमडला न्हाय तर काय करतील? मोडतील?" मी हसलो. तो हसला नाही.

मग सराव सुरू झाला. शुक्रवार पेठेतल्या घरी, मधल्या खोलीत, रोज संध्याकाळी भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून तो बसे. डावा पाय दुमडलेला, उजवा दाराकडे रोखलेला. श्वाससुद्धा दिसू देत नसे. एकदा विमा एजंट आत डोकावला आणि चपला हातात घेऊन पळाला. वर जायची एवढी घाई असेल तर चहा टाकू का नको, असं वहिनी स्वयंपाकघरातून अण्णाला विचारत. पण रोज त्याच्या गुडघ्याला तेल त्याच लावत, आणि पाय आज बोटभर जास्त वाकला की मला फोन करून कळवत.

त्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा अण्णा आत सरावाला बसलेला, वहिनी चहा गाळत होत्या. तो गेलाय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी बाहेरच्या खोलीत चपला काढत होतो. वहिनी कप घेऊन आत गेल्या. कप खाली ठेवल्याचा आवाज आला. आणि मग वहिनींचा आवाज, लग्नघरातल्यासारखा आनंदी:

"भाऊजी, या की लवकर, घातली बघा ह्यांनी मांडी!"