बोर्गहिल्डच्या होडीतलं पाणी

बोर्गहिल्डला कुणाचं काही घ्यायला आवडत नसे. एकतीस वर्षं तिने आमच्या बेटांवर टपाल वाटलं, तेही वल्ही मारत, आणि एवढ्या वर्षांत कुणाच्या घरात बसून कॉफी घेतली असेल तर शपथ. लोक आग्रह करत. ती दारातच उभी राहून कप रिकामा करी, "पत्रं भिजतील" म्हणे आणि निघे. लख्ख ऊन असलं तरी तिची पत्रं भिजतच असत.

नवरा हाल्वार्ड अगदी उलटा. जाळी दुरुस्त करायचा, वजन एकशे आठ किलो, आणि कुणाकडे बोलायला बसला की उठायचं नाव नाही. रविवारी दोघं मासे धरायला निघाली की ती वल्हवायची आणि तो मागच्या फळीवर गळाची दोरी धरून ऐसपैस बसायचा. बायकोला जुंपून फिरतोस म्हणून धक्क्यावरचे पुरुष त्याला चिडवत. तो म्हणे, आमच्यात एकाला वल्हवता येतं, दुसऱ्याने निदान बघावं तरी. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात तो गेला. वसंत येताच बोर्गहिल्डने होडी पाण्यात लोटली आणि एकटीच पलीकडच्या दुकानात जाऊन बटाटे घेऊन आली. कसं चाललंय असं विचारणाऱ्या प्रत्येकाला तिने सांगितलं, "छान चाललंय." पुढे कुणी विचारेनासं झालं.

होडी तिच्या वडिलांनी बांधलेली. पाईनच्या पातळ फळ्या एकीवर एक चढवलेल्या, दोन्ही टोकं निमुळती, इंजिन नाही. या वर्षी मे महिन्यात तिच्यात पाणी येऊ लागलं.

आता मे महिन्यात होडी गळते यात आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. हिवाळाभर होडीघरात पडून फळ्या वाळतात, आक्रसतात. म्हणून वसंतात तिला धक्क्याजवळ आठवडाभर अर्धी बुडू द्यायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे आपोआप आवळतात, मग पाणी उपसलं की झाली होडी तयार. एखादी उशिरापर्यंत गळत राहिली तरी लोक म्हणतात, तहानलेली आहे, पिऊ दे. बोर्गहिल्डने हेच ऐकलं आणि तीन आठवडे वाट पाहण्यात घालवले.

भिजत होते ते गुन्वोरचे बूट. गुन्वोर म्हणजे हाल्वार्डची थोरली बहीण, बोर्गहिल्डची नणंद, अंगाने भावासारखीच भरलेली आणि तोंडाने भावाहून फटकळ. एप्रिलच्या अखेरीस तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मोटारबोट चालवायला मनाई केली. तेव्हापासून दर शनिवारी ती बोर्गहिल्डबरोबर दुकानात जायची. मेच्या मध्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली. हे बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं, बोर्गहिल्डलाही. तरी शनिवारी गुन्वोर पिशवी घेऊन धक्क्यावर हजर, आणि बोर्गहिल्डही काही न बोलता होडी लावायची. दोघींनी त्यावर अवाक्षर काढलं नाही.

पण ओल्या बुटांवर मात्र गुन्वोर बोलली, आणि नेमकी बर्गेन शहरात राहणाऱ्या भाच्याशी, म्हणजे बोर्गहिल्डच्या मुलाशी, तार्येईशी. तार्येईने संध्याकाळी आईला फोन केला. त्र्याहत्तर वर्षांची बाई, जुनाट होडी, खाली ऐंशी हात पाणी. आता प्लास्टिकची बोट घेऊ, मी इंजिन बसवून देतो, असं तो फार गोड आवाजात म्हणाला. त्या गोड आवाजानेच बोर्गहिल्डचं डोकं फिरलं. तिने सांगून टाकलं, की सेंट हान्सच्या सणापर्यंत गळती थांबली नाही तर होडी मी स्वतः होळीत देईन.

जूनमधल्या त्या संध्याकाळी किनाऱ्यावर मोठी होळी पेटते आणि तिच्या माथ्यावर एक जुनी, निकामी होडी ठेवायची असते. होडी शोधायचं काम या वर्षी गुन्वोरकडे होतं. म्हणजे शब्द गेला तो थेट तिच्या वहीत. आणि बोर्गहिल्डने दिलेला शब्द परत घेतल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं.

मग तिने शोध आरंभला. आधी होडीतलं पाणी बोटाने चाखलं. खारट. म्हणजे पावसाचं नाही. होडी कोरडी पुसून धक्क्याला बांधली आणि तासभर आत उकिडवी बसून राहिली. थेंब नाही. रात्रभर तशीच ठेवली, सकाळी तळ कोरडा ठणठणीत. एकटीने दुकानापर्यंत जाऊन आली, तरी तेच. शेवटी कप्पीने होडी किनाऱ्यावर ओढली, आत बादल्यांनी घोटाभर पाणी भरलं आणि बाहेरून गुडघ्यांवर रांगत प्रत्येक सांध्याखालून हात फिरवला. तळव्याला पाईनचं डांबर लागलं, पाणी लागलं नाही. तरी तिने अख्ख्या तळाला पुन्हा डांबर फासलं. पुढच्या शनिवारी गुन्वोर मागे बसली, खाडी अर्धी झाली आणि पायांशी पाणी हजर.

बोर्गहिल्ड घाबरली होती. प्लास्टिकची बोट तरंगली असती, दुकानापर्यंत पोचलीही असती. पण ती तार्येईने दिलेली, तार्येईच्या सोयीची बोट असती, आणि पाठोपाठ घरही त्याच्या सोयीचं झालं असतं. सेंट हान्सला नऊ दिवस उरले होते.

परतताना धक्क्याला लागल्यावर तिने गुन्वोरला उठू दिलं नाही.

"बसून राहा तिथेच."

"का? मी काय लंगर आहे?"

"तू बसलीस की गळते. मी एकटी असले की नाही गळत."

"मग सरळ सांग ना, मी जाडी आहे म्हणून."

"तुझा भाऊ तुझ्याहून वीस किलो जड होता. तो बसायचा तेव्हा एक थेंब आला नाही कधी."

दुकानातून आणलेलं पीठ बोर्गहिल्डने पिशवीतून काढलं, कोपरा फाडला, फडक्याने सांधे पुसले आणि आतल्या बाजूने मुठीमुठीने पीठ भुरभुरवलं. तळापासून सुरुवात करून वरपर्यंत. तळाचं पीठ पांढरंच राहिलं. दुसरा सांधा पांढरा. सगळ्यात वरचा सांधा, गुन्वोरच्या उजव्या मांडीशेजारचा, हळूहळू करडा झाला, वीतभर लांब. मग त्या करड्या रेघेतून पाणी पाझरून खाली उतरू लागलं, घाम यावा तसं.

गळती तळाला नव्हतीच. मागे कुणी बसलं की होडीचं शेपूट खाली जायचं आणि वरची फळी पाण्यात यायची. कुणी नसलं की ती पाण्याच्या वर, उन्हात. चाळीस वर्षं हाल्वार्डच्या वजनाने ती फळी भिजलेली, फुगलेली राहिली. दोन उन्हाळे तिथे कुणी बसलं नाही आणि ती वाळून गेली. तळातलं पाणी बघून बोर्गहिल्ड तळातच शोधत राहिली होती, आणि प्रत्येक वेळी एकटीने.

गुन्वोरलाही ते कळलं. तिने त्या फळीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. बोर्गहिल्ड हातात पिठाची पिशवी घेऊन तशीच बसली होती. नवरा गेल्यावर चर्चमध्ये, कबरीशी, पाहुण्यांसमोर तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता आलं, आणि पिठाच्या हाताने पुसल्यामुळे गालही पांढरा झाला.

"सांध्यात डांबरात भिजवलेली लोकर कोंब," गुन्वोर म्हणाली.

"नको. फळी पुढे फुगली की लोकर तिला खिळ्यांतून उचकटेल. तिला नुसतं पाणी हवंय."

"मग मी बसते रोज येऊन. विणकाम आणते."

"बघते मी माझं," बोर्गहिल्ड म्हणाली. सवय ती, एका दुपारी कुठली सुटायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सबंध बेटाने पाहिलं, की बोर्गहिल्ड किनाऱ्यावरून गोटे वेचून होडीच्या मागच्या बाजूला रचते आहे. माशांच्या दोन पेट्या भरल्या तिने. होडीचं शेपूट खाली गेलं, सांधा पाझरू लागला. ती सकाळ-संध्याकाळ येऊन डबड्याने पाणी उपसायची, कुणी हात देऊ केला तर मान हलवायची. तीन दिवस तेवढंच पाणी आलं. चौथ्या दिवशी निम्मं. सातव्या दिवशी तिने आतून सांध्यावरून बोट फिरवलं आणि ते कोरडं निघालं.

सेंट हान्सच्या दुपारी गुन्वोर आंबट सायीच्या खिरीचं पातेलं घेऊन धक्क्यावर आली. होळीसाठी तिने होडीऐवजी जुन्या पेट्या आणि एक मोडकी शिडी गोळा केली होती. होडीत वाकून तिने सांधा पाहिला, पेट्यांतले गोटे पाहिले.

"झालं तर मग," ती म्हणाली. "सुटलीस. तार्येईला मी सांगते, आणि माझ्या वहीत काट मारते. शनिवारी मी माझी बोट काढीन. डोळे बरे झालेत माझे."

"महिना झाला बरे होऊन."

"तुला माहीत होतं?"

बोर्गहिल्ड होडीत उतरली आणि एकेक गोटा उचलून पाण्यात टाकू लागली. वजन उतरलं तशी होडी वर आली, उजवीकडची फळी ओलीगच्च, काळीभोर, उन्हात उघडी पडली. दुपारच्या उन्हात तिच्यावर ओलं पोतं टाकून ठेवलं असतं तरी, मागे कुणी न बसताही, ती ओली राहिली असती. बोर्गहिल्डला हे वडिलांच्या वेळेपासून ठाऊक होतं.

दोन्ही पेट्या रिकाम्या झाल्यावर तिने मागची बसायची फळी पदराने पुसावी तशी आपल्या एप्रनने पुसली.

"शनिवारी ये," ती म्हणाली. "बुधवारीही ये. आणि आत्ता बस."

"आत्ता? कुठे जायचंय?"

"कुठेही नाही."

गुन्वोर पातेलं मांडीवर घेऊन बसली. शेपूट खाली गेलं, फळी पाण्यात आली आणि आत काही आलं नाही. बोर्गहिल्डने वल्ही उचलली, पण मारली नाहीत.

"गुन्वोर, माझं छान चाललेलं नाहीये," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली."

"ठाऊक आहे मला," गुन्वोर म्हणाली. "म्हणून तर बूट भिजवत होते."